कोकणातील जुने फेरीवाले आणि जत्रेतला खाऊ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजी-आजोबांच्या पिढीत कोकणात खाण्याच्या वस्तू कशा विकल्या जात, कोण विकत असे आणि त्याचा हिशोब कसा होई, याविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय एकमेकांत गुंततो तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘कोकण’ म्हणजे येथे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ही किनारपट्टी समजावी. माझे गाव मालवण तालुक्यातले असल्यामुळे उदाहरणे त्या बाजूची अधिक आहेत.

1. पूर्वीच्या कोकणात ‘रस्त्यावरचे खाणे’ असे काही होते का?

होते, पण ते रस्त्यावर क्वचितच होते. कोकणातले गाव वाड्या-वाड्यांत विखुरलेले असते. एका घराभोवती माडाचे आगर, मग व्हाळ (ओढा), मग चढण आणि त्यानंतर दुसरे घर. एका जागी बसले म्हणजे दिवसभर गिऱ्हाईक मिळेल असा चौक मालवण, वेंगुर्ला, राजापूर, चिपळूण अशा बाजारपेठा सोडल्या तर फारसा कोठे नव्हता. म्हणून गिऱ्हाईक विक्रेत्याकडे जाण्याऐवजी विक्रेताच पाणंदीतून चालत गिऱ्हाइकाच्या खळ्यात (अंगणात) येई. आयत्या खाऊची खरी जागा म्हणजे जत्रेचा माळ, आणि तिसरी जागा प्रवासाची : आधी बंदराचा धक्का, पुढे एस.टी. स्टँड (प्रश्न 12 पाहा). ‘रस्त्यावरचे खाणे’ हा शब्द मुंबईच्या डोळ्यांनी पाहिला तर कोकणाकडे दाखवण्यासारखे थोडेच उरते. ‘दारावरचे’ आणि ‘जत्रेतले’ असे शब्द वापरले की सगळे चित्र उभे राहते.

2. दारावर कोण कोण येत असे?

भल्या सकाळी पाववाला (प्रश्न 9), त्यानंतर उन्हे चढण्याआधी मासे घेऊन येणारी बाई (प्रश्न 3). मीठवाली रोज येत नसे. मिठागरांतले नवे मीठ निघाले की ती टोपली घेऊन गावोगाव फिरे आणि घरोघरी पावसाळ्याची बेगमी करून ठेवली जाई. शिरोड्याची मिठागरे त्यासाठी प्रसिद्ध होती. 1930 च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह तेथे झाला, त्यामागे मीठ ही या किनाऱ्यावरच्या गरिबांच्या रोजीरोटीची वस्तू होती हेही एक कारण होते. घाटावरून उतरणारे व्यापारी मिरची, कांदा, लसूण, गूळ आणत आणि परत जाताना मीठ, नारळ, सुके मासे नेत. रायगडाच्या बाजूला तेली घाण्याचे तेल घेऊन फिरत (प्रश्न 10). उन्हाळ्यात रानमेवा घेऊन बायका येत (प्रश्न 11). पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन खारी, बटर, नानखटाई विकणारा दुपारच्या चहाच्या सुमारास येई आणि त्याच्या पेटीचे झाकण उघडताना येणाऱ्या वासाची आठवण आजही अनेक वाचक कळवतात.

या सर्वांची घरे ठरलेली असत. एका मासेवालीच्या घरी दुसरीने जाऊ नये, हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण तो पाळला जात असे.

3. मासे विकणारी बाई खळ्यात आली की नेमके काय होत असे?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण याचे उत्तर मी लहानपणी रोज पाहिले आहे. ती आल्यावर आधी माशाचे नाव घेत नसे, खळ्याच्या कडेला उभी राहून ती म्हणे, “हात लाव गे वयनी.” भरलेली पाटी डोक्यावरून एकटीने उतरवता येत नाही. घरातील बाई पुढे होऊन पाटीची एक कड धरी, दोघी मिळून ती खाली ठेवत, आणि मग मासेवाली डोक्यावरची चुंबळ काढून त्या चुंबळीनेच मानेवरचे पाणी पुशी. कारण पाटीतून पाणी ठिबकत असे आणि ते तिच्या पाठीवरून टाचेपर्यंत ओघळलेले असे. सौदा सुरू होण्याआधीच विकणारी आणि घेणारी यांनी एक ओझे मिळून उतरवलेले असे. पुढची घासाघीस कितीही तिखट झाली तरी तिला एक मर्यादा राही, याचे कारण मला तरी यातच दिसते.

मग ओले गोणपाट बाजूला होई. मासे वजनाने नव्हे तर वाट्याने विकले जात : पेडवे, तारले, मांदेली, सुंगटे यांचे छोटे ढीग करायचे आणि एकेका वाट्याची किंमत सांगायची. बांगडे मोजून दिले जात. सुरमई, सरंगा असे मोठे मासे नगावर. वाट्यात वरून एखादा मासा टाकून घेणे हा गिऱ्हाइकाचा हक्कच समजला जाई. पहिल्या विक्रीला ‘भवानी’ म्हणत. भवानीचे नाणे ती कपाळाला लावी आणि भवानीच्या वेळी गिऱ्हाइकाने तिला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, असा संकेत होता. ती उठून गेल्यावर त्या जागेवर शेणाचा हात फिरवला जाई.

मासे पकडणे पुरुषांचे आणि विकणे बायकांचे अशी ही वाटणी कोळी आणि गाबीत या दोन्ही समाजांत होती. घरातला रोख पैसा बहुधा बाईच्या कनवटीला असे. हर्णै बंदरावर लिलावाच्या वेळी पुळणीवर उभ्या असलेल्या बायका पाहिल्या, तर ही परंपरा अजूनही ओळखता येते.

4. हातात पैसा नसताना खरेदी कशी होत असे?

भाताने. शेतकरी घरात रोकड कमी असे आणि मासेवालीच्या घरात शेती कमी असे. त्यामुळे वर्षभर मासे घ्यायचे आणि कापणी-झोडणी झाली की तिला खळ्यावर भात मोजून द्यायचे, ही रीत अनेक गावांत होती. मधल्या काळातली उधारी भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवली जाई, आणि रेघ मारणारी व रेघ मोजणारी या दोघींनाही बहुधा लिहिता-वाचता येत नसे. मुंबईला गिरणीत माणूस असलेल्या घरी मनिऑर्डर आली की उधारी फिटे. पोस्टमन कोणत्या वाडीत जाऊन आला याची बातमी विक्रेत्यांना लगेच लागत असे. ही पद्धत बलुत्यासारखी दिसली तरी बलुते नव्हे : बलुतेदाराचा वाटा गावाने ठरवलेला असे, येथे मात्र हिशोब त्या दोन घरांमधला होता.

5. आजी ‘चार आण्याचे’, ‘पावशेर’, ‘पायलीभर’ म्हणते. याचा आजचा हिशोब काय?

1 एप्रिल 1957 पूर्वी रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे आणि पैशाच्या 3 पै होत, म्हणजे रुपयात 64 पैसे. त्या दिवसापासून रुपयाचे 100 नवे पैसे झाले. चार आणे म्हणजे नेमके 25 नवे पैसे आणि आठ आणे म्हणजे 50, म्हणून हे दोन शब्द बोलण्यात टिकले. एक आणा मात्र सव्वासहा नवे पैसे होत असल्यामुळे सुट्ट्याच्या वेळी भांडणे होत. आजी ‘भोकाचा पैसा’ म्हणत असेल, तर ते नाणे 1943 ते 1947 या काळातले आहे. कोणत्या काळाची आठवण सांगितली जात आहे हे ओळखण्यास ही खूण उपयोगी पडते.

वजनाचा शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. पावशेर त्याचा चौथा भाग. पायली हे मात्र वजन नव्हे, माप आहे : पायलीचे 4 शेर आणि अधोलीचे 2. मापाचा शेर आणि वजनाचा शेर हे वेगळे असून मापाचा शेर प्रांताप्रांतांत बदलत असे, त्यामुळे ‘पायलीभर भात’ किलोत सांगण्याचा आग्रह धरू नये.

6. लोक एकमेकांच्या हातचे खात नसत, मग विकतचे कसे खात?

या प्रश्नाचे उत्तर टाळले तर बाकीची सर्व उत्तरे अपुरी राहतील. दारावर येणाऱ्या वस्तूंची यादी पुन्हा पाहावी : पाव, खारी, नानखटाई सोडली तर मासे, मीठ, फळे, तेल. या सर्व कच्च्या वस्तू आहेत. त्या घरात आल्यावर धुऊन, शिजवून घेतल्या जात आणि त्यामुळे विटाळाचा प्रश्न मिटला असे मानले जाई. आयत्या खाऊत कोरड्या, भाजलेल्या किंवा तळून पाकवलेल्या वस्तू अधिक दिसतात : चणे, कुरमुरे, शेंगदाणे, खाजा, लाडू. पाण्यात शिजवलेला भात किंवा आमटी विकत घेऊन खाणे कमीपणाचे आणि बाटवणारे समजले जाई. घावन, आंबोळ्या, पानगी, सांदण हे कोकणाचे खास पदार्थ जुन्या विक्रीत जवळजवळ दिसत नाहीत, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

आणि ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्यांना खाण्याची वस्तू विकण्याची वाटच बंद होती. दक्षिण कोकणात बांबूच्या टोपल्या, सुपे, रोवळ्या विणण्याचे काम महार समाजातील कारागीर करत. त्यांनी विणलेल्या टोपलीतून आलेला माल चाले, त्यांच्या हातचा चालत नसे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला तो याच कोकणात, आणि 1930 च्या दशकात रत्नागिरीत सर्व जातींना खुले असलेले उपाहारगृह निघाले तेव्हा ते चळवळीचे पाऊल मानले गेले. जुन्या खाऊच्या गोड आठवणी सांगताना हे वगळले जाऊ नये, असे मला फार वाटते.

7. जत्रांमध्ये काय मिळत असे, आणि जत्रा हिवाळ्यातच का असतात?

दक्षिण कोकणात जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास होते, मार्लेश्वरची मकरसंक्रांतीला, कुणकेश्वरची महाशिवरात्रीला. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नसते, ती देवीचा कौल घेऊन ठरते. या दिवसांत भात झोडून घरात आलेले असते, पायवाटा सुकलेल्या असतात, आणि घाटावरच्या गुऱ्हाळांतून नवा गूळ खाली उतरू लागलेला असतो. खाऊ विकणाऱ्यासाठी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येण्याचा दुसरा काळ वर्षात नाही.

माळावर खाजा, खटखटे लाडू, शेंगदाण्याचे लाडू, कडक बुंदी, रेवड्या, बत्तासे, चणे-कुरमुरे यांची दुकाने मांडली जात. रात्री दशावतार उभा राहिला की गॅसबत्तीच्या उजेडात भजी आणि चहा पहाटेपर्यंत चाले. विक्रेते एका जत्रेचा माल आवरून पुढच्या जत्रेला जात आणि असे तीन-चार महिने घराबाहेर काढत. जत्रेला जाऊन आलेल्याने शेजारी खाजा वाटणे हा रिवाज होता. कोण कोणत्या जत्रेला जाऊन आले हे त्या पुडीवरून कळे.

8. मालवणी खाजा नेमका कसा करतात? ओडिशा-बिहारचा खाजा तोच का?

नाव एक, वस्तू वेगळी. ओडिशातल्या पुरी गावचा किंवा बिहारचा खाजा मैद्याच्या पापुद्र्यांचा असतो. आपल्याकडे त्याच्या जवळचा पदार्थ म्हणजे चिरोटे. मालवणी खाजा म्हणजे चण्याच्या पिठाच्या, करंगळीएवढ्या जाड कांड्या कडक तळून त्यांवर आले घातलेल्या गुळाचा पाक चढवणे. गोव्यातही खाजे हाच पदार्थ असून तो जत्रांप्रमाणे चर्चच्या फेस्तांनाही विकला जातो. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

घरी केलेला खाजा चिकट राहतो, अशी तक्रार बहुतेक जण करतात. चूक पाकात असते. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकल्यावर त्याची वळता येणारी कडक गोळी झाली पाहिजे. मग भांडे उतरवून तळलेल्या कांड्या एकदम ओतायच्या आणि थांबायचे नाही. जत्रेतला खाजेवाला मोठ्या पातेल्यात दोन उलथन्यांनी कांड्या खालून वर, खालून वर उलटत असतो; आधी पाक काळपट आणि ओला चमकतो, मग उलथन्याचा आवाज जड होतो आणि पाहता पाहता सर्व कांड्यांवर पांढुरका कोरडा थर धरतो. गूळ पुन्हा स्फटिकरूपात येतो त्याचा हा क्षण आहे. घरी करणारे बहुधा त्याच्या मिनिटभर आधी हात थांबवतात. खाजा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, कारण किनाऱ्याच्या दमट हवेत तो दोन दिवसांत पाझरतो.

एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कोकणात चणा फारसा पिकत नाही आणि गूळही मुख्यतः घाटावरून येत असे. ज्या खाऊला आपण सर्वांत मालवणी मानतो, त्यातले घरचे म्हणावे असे फक्त आले. बाकी सगळा खाजा घाट उतरून आलेला आहे.

9. पाववाला मूळचा गोव्याचा का?

दक्षिण कोकणापुरते बोलायचे तर होय. गोव्यात पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजातून आलेला आहे. पीठ फुगवण्यासाठी तेथे माडाची सूर (ताडी) वापरत. जुना पोदेर खुळखुळणारी काठी जमिनीवर आपटत येई. सायकल आल्यावर तिची जागा रबरी भोंग्याने घेतली. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या भागांत ख्रिस्ती बेकऱ्यांनी हीच पद्धत चालवली. रत्नागिरी आणि रायगडाच्या बाजूला बेकरीचा धंदा मुसलमान कुटुंबांनी वाढवला आणि तेथे पावाबरोबर खारी, नानखटाई यांना महत्त्व आले. कर्मठ घरांत पाव फार उशिरा शिरला (कारणासाठी प्रश्न 6). त्याआधी तो आजारी माणसासाठी चहाबरोबर आणला जाई.

10. ‘शनवार तेली’ म्हणजे कोण?

अलिबाग, नागाव, रेवदंडा, पेण या भागांतील बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. तेलाचा घाणा हा त्यांचा व्यवसाय होता आणि शनिवार, म्हणजे शब्बाथ, हा त्यांचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना हे नाव दिले. 1948 मध्ये इस्राएल स्थापन झाल्यानंतर बरीच कुटुंबे तिकडे गेली. त्यांचा मलिदा बाजारात मिळत असे का, असेही विचारले जाते. मलिदा हा पोहे, नारळ, गोड आणि फळे यांचा नवसाचा प्रसाद आहे. तो विक्रीची वस्तू नव्हता.

11. करवंदे, जांभळे कोण विकत असे आणि मापाला काय वापरत?

मुख्यतः कातकरी आणि ठाकर बायका, तसेच गावातली गरीब घरची मुले. माप म्हणजे पानाचा द्रोण. काडी टोचून केलेला द्रोण गिऱ्हाइकाबरोबर जाई. ‘डोंगरची काळी मैना’ ही करवंदांची आरोळी सर्वांना ठाऊक आहे. पावसाच्या सुरुवातीला याच बायका कंटोली, भारंगी, अळंबी आणत. कोणती अळंबी खाण्याजोगी हे त्यांनाच कळे आणि गिऱ्हाईक त्यांच्यावर विसंबून असे. या ज्ञानाचा मोबदला त्यांना कधी मिळाला नाही, करवंदांचेच दोन पैसे मिळाले.

12. बोटीच्या आणि एस.टी.च्या प्रवासात काय मिळत असे?

मुंबईची बोट बहुतेक बंदरांत धक्क्याला लागत नसे. ती बाहेर नांगरे आणि उतारू पडावांतून ये-जा करत. बोट रात्री-अपरात्री येई, वाट पाहणे लांबे, आणि तेवढ्या वेळात किनाऱ्यावर चहा, चणे, भजी, केळी, शहाळी विकली जात. चाकरमान्याला निरोप देताना घरच्यांनी शेवटच्या क्षणी घेऊन हातात कोंबलेली पुडी हा अनेकांच्या पत्रांत येणारा तपशील आहे. पुढे एस.टी. गावागावांत पोहोचली आणि धंदा स्टँडवर आला. गाडी थांबली की खिडकीखाली करवंदांचे द्रोण, उकडलेल्या शेंगा, काजूगर घेऊन उंच केलेले हात दिसत. 1998 मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंत कोकण रेल्वे पूर्ण खुली झाल्यावर त्यातले काही विक्रेते फलाटांवर गेले, पण बंद खिडकीच्या डब्याखाली हात उंच करून विकता येत नाही.

13. पावसाळ्यात हे सर्व लोक काय करत?

बहुतेकांची फेरी थांबे. मासेमारी बंद, दक्षिणेकडची बोट बंद, व्हाळ भरलेले. मासेवाल्या मे महिन्यातच सुका बांगडा, सुकट, सोडे, बोंबील विकून घेत आणि घरे ते शिंकाळ्यात, उतरंडीत साठवत. पावसात त्यांच्यापैकी बऱ्याच जणी भातलावणीला मजुरीने जात. ज्या खळ्यात त्या विकायला येत त्याच घरच्या शेतात त्या लावणी करत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या पुन्हा बाहेर पडत. आता यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै अशी सरकारी बंदी असते. तेव्हा ती बंदी समुद्रच घालत असे.

14. वडापाव, भेळ, गोटीसोडा हेही जुनेच ना?

सारखे जुने नाहीत. वडापाव 1960 च्या दशकातला, मुंबईचा. तो चाकरमान्यांबरोबर कोकणात आला. भेळही मुंबईचीच देणगी. गोटीच्या बाटलीचा शोध हायरम कॉड यांनी 1872 च्या सुमारास इंग्लंडमध्ये लावला आणि बाजारपेठेच्या गावांत ती वडापावाच्या कितीतरी आधी पोहोचली. आजोबांच्या लहानपणीच्या जत्रेत वडापाव होता, असे कोणी सांगत असेल तर आजोबांचे जन्मसाल विचारावे.

15. घरच्या वडीलधाऱ्यांकडून या आठवणी कशा लिहून घ्याव्यात?

‘तुमच्या वेळी काय मिळायचे?’ असे विचारू नये. त्याला ‘सगळे मिळायचे’ असे उत्तर येते. वस्तू हातात देऊन विचारावे. पडवीत पडलेले मापटे, जुनी रोवळी, एखादे भोकाचे नाणे समोर ठेवले की आठवण आपोआप निघते. नाव, गाव आणि वाडी लिहावी. किंमत सांगितली तर ती आण्यांत की नव्या पैशांत ते लगेच नोंदवावे (प्रश्न 5). शब्द बदलू नयेत : आजी ‘नुस्ता’ म्हणाली असेल तर ‘मासळी’ असे लिहू नये. आणि शक्य असेल तर विकत घेणाऱ्या घराबरोबर विकणाऱ्या घरीही जावे. मासेवालीची सून किंवा खाजेवाल्याचा मुलगा बहुधा त्याच तालुक्यात असतो, आणि आजपर्यंत त्यांना कोणी विचारायला गेलेले नसते.